सूचनापेटीतला पंखा

प्रश्न (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) :

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. बाबांनी तो १९९४ मध्ये सुरू केला, आता मी बघतो. कायमचे आणि कंत्राटी मिळून एकतीस माणसे. माल बहुतेक औषध कंपन्यांना जातो. दीड वर्षापूर्वी आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने सगळ्या पुरवठादारांना ‘लीन’ ही जपानी पद्धत (वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याची) आणायला सांगितले. आम्ही सल्लागार नेमला, साडेचार लाख खर्च केले. जमिनीवर पिवळे पट्टे आले, भिंतीवर तक्ते आले, कायझेनचे (छोट्या सुधारणा सुचवायचे) फॉर्म आणि सूचनापेटी आली. पहिल्याच महिन्यात बंडल बांधायचे टेबल खोक्यांना तार मारणाऱ्या शिलाई मशीनजवळ सरकवले आणि दोन हेल्परांची गरजच उरली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर गाडी अडली ती अडलीच. तक्त्यांवर तीन महिन्यांपूर्वीच्या तारखा आहेत. परवा पेटी उघडली तर आत दोन चिठ्ठ्या. एकीत शिलाई विभागात पंखा मागितलेला, दुसरीत चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) बोनसची चौकशी. कामाची सूचना एकही नाही. प्रिंटिंगच्या मशीनवर जॉब बदलायचा तर सेटिंगला आजही सव्वादोन-अडीच तास जातात. ते काम आमचे फोरमन करतात. सव्वीस वर्षे आमच्याकडे आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. लिहून काहीच ठेवत नाहीत, “आमकां हें जमचें ना” म्हणून विषय मिटवतात. बाबा म्हणतात, कारखाना घामावर चालतो, तक्त्यांवर नव्हे. मला चार वाटा दिसतात : नवा सल्लागार, साठ लाखांचे कर्ज काढून झटपट सेटिंगचे मशीन, दंड लावून शिस्त, नाहीतर ऑडिटपुरता देखावा. जपान्यांची शिस्त आमच्या सुशेगाद (निवांत) माणसांत नाहीच, हे एकदाचे मान्य करून टाकावे का?

उत्तर :

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या पंख्यापाशी अडले. तुम्ही लिहिता, कामाची सूचना एकही नाही. वर पत्र्याचे छप्पर, बाहेर फोंड्याचा मे महिना आणि हातात खोक्याची शीट. कपाळावरचा घाम शीटवर पडला की डाग. ओला हात सरकला की तार तिरकी बसते आणि ते खोके बाजूला जाते. दर वीस मिनिटांनी माणूस तोंडावर पाणी मारायला उठतो, तेवढा वेळ मशीन थांबते. हे सगळे त्या बाईला किंवा बाप्याला ‘उत्पादकतेवर परिणाम’ अशा भाषेत लिहिता आले नाही. त्यांनी लिहिले, पंखा द्या. तुम्ही ती चिठ्ठी मागण्यांच्या खात्यात टाकलीत. साडेचार लाखांच्या खटाटोपातून तुम्हाला नेमके जे हवे होते, म्हणजे काम करणाऱ्याने आपल्या कामातली अडचण आपण होऊन सांगणे, ते घडले होते. फक्त ते पंख्याच्या रूपात आले.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. टेबल सरकवले, दोन हेल्परांची गरज उरली नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोघांनीही वाजवल्या का? त्यांचे पुढे काय झाले ते पत्रात नाही, पण कंत्राटी हेल्परांचे काय होते हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पुढच्या महिन्यापासून कंत्राटदाराला दोन माणसे कमी पाठवायला सांगितले जाते. राहिलेल्या सगळ्यांनी त्या दिवशी जो धडा घेतला तो तुमच्या तक्त्यांवर कुठेच लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे : इथे सुधारणा झाली की माणूस जातो. आणि तरी तुम्ही पेटीत सूचनांची वाट बघता. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड कोण मारील?

म्हणून तुमच्या प्रश्नाच्या आधी माझा एक प्रश्न. तुमच्या कारखान्यात वाचलेला वेळ कुणाच्या खिशात जातो? याचे उत्तर मामांना, शिलाईवाल्यांना, लोडिंगच्या पोरांना आज एकाच तऱ्हेने माहीत आहे. ते बदलल्याशिवाय बाकीचे काही हलणार नाही.

जपानी शिस्तीचे म्हणाल तर ज्या टोयोटाकडून ही सगळी पद्धत आली, तिथली सुरुवात काही शिस्तीची नव्हती. १९५० मध्ये कंपनी बुडायच्या बेतात होती. कामगार कपातीवरून मोठा संप झाला, पुष्कळ माणसे गेली आणि कंपनी उभी करणाऱ्या किइचिरो टोयोडा यांनी स्वतः राजीनामा दिला. कामगारांकडून सूचना मागवायची त्यांची प्रसिद्ध योजना सुरू झाली ती याच्या पुढच्या वर्षी, १९५१ मध्ये. पुढे १९६२ मध्ये व्यवस्थापन आणि युनियन यांनी परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. मधली बारा वर्षे तैइची ओनो हे गृहस्थ शॉपफ्लोअरवर एकेक गोष्ट जुळवत, मोडत, पुन्हा जुळवत होते. आपण त्यातले रंगीत पट्टे उचलले. आधीच्या भांडणातून ते लोक काय शिकले, ते तिथेच राहिले.

शिस्त रक्तात असते असे वाटणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचे उदाहरण आहे. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना कमालीचा बदनाम होता. गैरहजेरी, तक्रारी, खराब गाड्या. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. युनियन तीच, माणसेही बहुतेक तीच. दोन-तीन वर्षांत तिथल्या गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्याशी तुलना करण्याजोगा झाला. १९८८ च्या सुमारास मागणी घसरली आणि कारखान्याचा मोठा हिस्सा रिकामा राहिला, तेव्हाही कुणाला घरी पाठवले नाही. मोकळ्या माणसांना प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावले. कामगार सूचना का देत होते, याचे उत्तर मला त्या एका वर्षात दिसते.

आणि सुशेगाद हा शब्द आपण गोंयकार फार सैल हाताने वापरतो. चवथीच्या आदल्या रात्री तुमच्या मामांच्या घरी मूर्तीवरची फळापानांची माटोळी बांधलेली असते की नाही? रंग लागलेला, नेवऱ्या तळलेल्या, मूर्ती आणायची गाडी ठरलेली. तिथे कुणी तक्ता लावत नाही.

थोडे माझेही सांगते, म्हणजे मी उंचावरून बोलते आहे असे वाटायला नको. उत्पादन विभागात असताना मीही हत्यारांचा फळा केला होता. प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेली, जो तो पाना आपल्या जागी. आठवड्यात फळा चित्रासारखा दिसू लागला. वर्षभर मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो दाखवत होते. मग एकदा जेवणाच्या सुटीत एकाचे लॉकर उघडे राहिले आणि आत दुसरा अख्खा सेट दिसला. पोरांनी वर्गणी काढून आणला होता. फळ्यावरचे पाने कुणी हलवायचे नाहीत, मॅडमना राग येतो, हे सगळ्यांचे ठरले होते. रात्रपाळीला कळले होते, सिक्युरिटीला कळले होते. मलाच तेवढे कळायचे राहिले होते. तुमच्या तक्त्यांवर तीन महिन्यांच्या जुन्या तारखा आहेत हे मला त्या मानाने प्रामाणिकपणाचे वाटते.

आता गोदामाकडे चला. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केला नाहीत, पण मी पैजेवर सांगते, तिथे न खपलेल्या छापील खोक्यांच्या थप्प्या असणार. ऑर्डर पाच हजारांची असते, तुम्ही आठ हजार काढता. का? सेटिंगला अडीच तास गेले, आता मशीन लागलेच आहे तर काढून ठेवू, पुढच्या महिन्यात लागतीलच. पुढच्या महिन्यात ती औषध कंपनी खोक्यावरची एक ओळ बदलते, कधी पत्ता, कधी परवाना क्रमांक, कधी नुसता चिन्हाचा आकार. तीन हजार खोकी रद्दीवाल्याची झाली. ओळ बदलली नाही तरी मध्ये आपला पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा पुठ्ठा पिऊन घेतो, खोके हाताला नरम लागते आणि त्याची वजन पेलायची ताकद उतरते. वरून बघितले तर तोच माल, ग्राहकाच्या गोदामात पाचवा थर चढवला की खालचे खोके बसते. मग तुमच्या नावाने रिजेक्शन. खाली गुणवत्ता विभाग शोधतो की गोंद बरोबर होता का, कागद किती ग्रॅमचा होता. दोष गोंदात नाही, मार्चमध्ये घेतलेल्या ‘काढून ठेवू’ या निर्णयात आहे.

ओनोंनी नासाडीचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा जास्त बनवणे, वाट बघणे, मालाची नेआण, नको तेवढी प्रक्रिया, साठा, माणसाची विनाकारण हालचाल आणि खराब माल. पण ते सातांना सारखे मानत नसत. पहिला प्रकार त्यांना सर्वांत वाईट वाटे, कारण बाकीचे सहा त्याच्याखाली झाकले जातात. तुमच्याकडे नेमके तेच चालले आहे. सल्लागाराने तुम्हाला झाडलोट आणि पट्टे आधी दिले, कारण ते दिसतात आणि फोटोत येतात. रद्दीच्या ट्रकचा फोटो कुणी लावत नाही.

म्हणून एक काम करा. गेल्या वर्षभरात रद्दीत किती किलो छापील माल गेला, त्याची बिले काढा. रद्दीवाला वजनावर पैसे देतो, त्यामुळे आकडा तयारच असतो. त्याच्यासमोर त्या मालाला लागलेल्या कागदाची, शाईची, मजुरीची किंमत मांडा. हा कागद बाबांना दाखवा. बाबांनी तक्त्यांना हसणे मी समजू शकते, पण रद्दीचा हिशेब बघून ते हसणार नाहीत.

त्याच बैठकीत शिलाईपुढचा ढीगही मोजा. समजा तिथे बारा हजार शीट पडून आहेत आणि शिलाई दिवसाला तीन हजारांची होते. मग आज छापलेली शीट चार दिवसांनी मशीनखाली जाणार, मधल्या लोकांनी कितीही धावपळ केली तरी. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने हा हिशेब १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला आहे, पण बेकरीसमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या कुणालाही तो कळतो. ग्राहक घाई करतो तेव्हा आपण शिलाईवाल्यांवर ओरडतो. ढीग मात्र छपाईकडून आलेला असतो, आणि छपाईने तो केला कारण सेटिंग लांबते. सगळ्या वाटा पुन्हा त्या अडीच तासांपाशी येतात.

सेटिंगबद्दल मला सर्वांत आवडणारी गोष्ट शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याची आहे. १९५० मध्ये ते हिरोशिमात माझदाच्या कारखान्यात गेले होते. मोठ्या प्रेसची डाय (साचा) बदलायची होती. एक कामगार अचानक कुठेतरी धावत सुटला आणि तासाभराने परत आला. काय झाले? डाय बसवायचा एक बोल्ट सापडत नव्हता. शेवटी त्याने शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट काढला, कापून आखूड केला आणि बसवला. मग त्या शेजारच्या मशीनचे काय, असे शिंगोंनी विचारले. या एका बोल्टवरून त्यांनी साधा भेद पकडला : सेटिंगची काही कामे मशीन थांबल्यावरच होतात, काही मशीन चालू असतानाच उरकता येतात आणि आपण सगळी थांबल्यावर करतो. पुढे १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसचे चार तासांचे सेटिंग याच विचाराने आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आले.

तुमच्याकडे तीन मिनिटे नकोत. पंचेचाळीस पुरेत. मामांची परवानगी घेऊन एका सेटिंगचा मोबाइलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढा. कॅमेरा हातांवर आणि मशीनवर, चेहऱ्यावर नको. मग तो व्हिडिओ त्यांच्यासोबतच बघा, ऑफिसात एकटे बसून नव्हे. तुम्हाला बहुधा काय दिसेल ते सांगते. स्टिरिओ (छपाईचा ठसा) स्टोअरमधून आणायला एक फेरी. चावी ज्याच्याकडे आहे तो चहाला गेलेला. स्टिरिओची मागची शाई वाळलेली, ती खरवडायला वीस मिनिटे. सतरा नंबरचा पाना शिलाईकडे गेलेला. शाईचा दाटपणा अंदाजाने जुळवायचा, मग पंधरा-वीस शीट वाया. पहिली शीट पास करायला गुणवत्ता विभागाचा मुलगा हवा, तो लोडिंगपाशी. मामांचे खरे कौशल्य या अडीच तासांत फार तर अर्धा तास वापरले जाते. उरलेला वेळ ते शोधत, वाट बघत आणि खरवडत असतात. व्हिडिओ बघताना हे त्यांनी स्वतः म्हटले तर अर्धे काम झाले. तुम्ही म्हटलेत तर ते उठून जातील, आणि त्यांचे बरोबर असेल.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. उद्याच्या जॉबचा स्टिरिओ आज दुपारी धुऊन, पॉलिएस्टरच्या शीटवर चिकटवून, जॉबचे नाव लिहून मशीनशेजारी टांगून ठेवायचा. सेटिंगचे पाने एका ट्रेमध्ये, ती ट्रे मामांची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नेहमीच्या दहा खोक्यांची मापे मशीनवरच रंगाच्या पेनाने खुणा करून ठेवायची. पहिली शीट पास करणारा सेटिंग संपण्याआधी पाच मिनिटे तिथे हवा.

आणि इथे नीट हिशेब करा, कारण बहुतेक मालक इथेच चुकतात. आज तुम्ही दिवसाला एक सेटिंग करता, एकशे चाळीस मिनिटे जातात. पंचेचाळीस मिनिटांचे झाले की मोह होतो : पंचाण्णव मिनिटे वाचली, एवढा माणूस कमी. तसे करू नका. तेवढ्याच वेळात तीन सेटिंग करा. तीन पंचेचाळीस म्हणजे एकशे पस्तीस, उलट पाच मिनिटे शिल्लकच. मग पाच हजारांची ऑर्डर आली तर पाच हजारच काढता येतील, पुढच्या आठवड्यात लागली तर पुन्हा काढता येतील. गोदाम रिकामे होते, रद्दी घटते, पावसाळ्याचे नरम खोके ग्राहकाकडे जात नाही, आणि एकही माणूस कमी करावा लागत नाही. नफा आला तो रद्दीतून आला, कुणाच्या पगारातून नाही.

एक छुपी गोष्ट ओव्हरटाइमची. सेटिंग लांबते म्हणून संध्याकाळी दोन तास जादा थांबावे लागते, आणि ते दोन तास दोडामार्ग-सावंतवाडीहून येणाऱ्या पोरांच्या घरखर्चात धरलेले असतात. कुणाचा हप्ता त्यावर चालतो. सेटिंग लवकर संपले तर त्यांचा पगार कापला जातो, तुम्ही एक पैसा न कापता. ते तुमच्या तोंडावर हे कधी बोलणार नाहीत, ते फक्त पाना शोधायला थोडे सावकाश जातील. त्यावर माझा उपाय असा की गेल्या सहा महिन्यांच्या ओव्हरटाइमची सरासरी काढा आणि पुढचे वर्षभर ती रक्कम, काम वेळेत संपले तरी, द्या. रद्दीच्या बिलाशी ताडून बघा, परवडेल असे मला वाटते. नाही परवडले तर निम्मी द्या, पण आधी सांगून द्या.

आता मामा. तुम्हाला वाटते, ते अडून बसले आहेत. माझ्या मते त्यांना पुरते कळले आहे की डोक्यातले कागदावर उतरले त्या दिवशी त्यांची गरज संपेल. शिवाय तुमचा कायझेन फॉर्म इंग्रजीत असणार, बहुतेकांचे असतात. ज्या कारखान्यात कोंकणी, मराठी, हिंदी, कन्नड बोलली जाते तिथे सुधारणा तेवढी इंग्रजीत मागायची, ही आपली जुनी खोड. ते फॉर्म बंद करा. मामांच्या हाताखाली एक चुणचुणीत पोरगा द्या, तो वहीत लिहील, मामा सांगतील. त्या वहीवर मामांचे नाव घाला. त्यांना विचारा, “मामा, तुम्ही जत्रेला रजा घेता त्या दिवशी आमचे काय हाल होतात ते बघितलेत का? तुमच्या हाताची दोन पोरं तयार करून द्या.” हा प्रश्न खरा आहे, गोड बोलण्यासाठी रचलेला नाही. आणि पुढच्या वेळी ते “जमचें ना” म्हणाले की वाद घालू नका. “कितें जमचें ना, मामा?” एवढेच विचारा आणि गप्प राहा. सव्वीस वर्षे मशीनशी झटलेल्या माणसाच्या नकारात बहुतेक वेळा एखादी खरी अडचण असते. बेअरिंग झिजलेले असते, रोलर एका बाजूला दाबतो, ते तुमच्या बाबांना कधीच सांगितलेले असते.

तुमच्या चार वाटांकडे येते. मशीन आता नको. नवे मशीनही त्याच हरवलेल्या चावीची आणि चहाला गेलेल्या स्टोअरकीपरची वाट बघेल, फरक एवढाच की वाट बघताना साठ लाखांचे व्याज चालू राहील. सेटिंग पंचेचाळीसवर येऊनही ऑर्डरी पेलल्या नाहीत तर मग जरूर घ्या. सल्लागार हवाच असेल तर स्वतःच्या खिशातून पुन्हा लाखो घालण्याआधी केंद्राच्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग मंत्रालयाची लीन योजना बघा. मार्च २०२३ मध्ये ती नव्या रूपात आली, उद्यम नोंदणी असलेल्या कारखान्यांना सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलते. सध्याच्या अटी पोर्टलवर वाचून अर्ज करा. आणि सल्लागाराला पहिल्याच दिवशी विचारा, तुम्ही रात्रपाळीला किती वेळा याल? उत्तरावरून माणूस कळतो.

दंड मात्र अजिबात नको. दंड लावला की चुका थांबत नाहीत, दिसेनाशा होतात. आपल्या खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला मानस (पाण्याचे दार) आठवा. भरतीचे पाणी आले की पाण्याच्याच रेट्याने त्याचे दार मिटते, ओहोटीला आपोआप उघडते, खारे पाणी शेतात येत नाही. किइचिरोंचे वडील साकिची टोयोडा यांचा यंत्रमाग असाच होता, धागा तुटला की माग स्वतःहून थांबे, खराब कापड पुढे विणलेच जात नसे. टोयोटाने हीच मुभा पुढे माणसाला दिली. गडबड दिसली की दोरी ओढायची आणि मदत येईना तर लाइन थांबवायची. तुमच्याकडे शाई पुसट येते आहे म्हणून ऑपरेटरने मशीन थांबवले तर आज त्याला काय ऐकायला मिळते? उद्या ‘बरे झाले थांबवलेस’ असे ऐकू आले पाहिजे, आणि तेही सगळ्यांसमोर.

देखाव्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण हा मोह मला कळतो. ऑडिटला येणाऱ्याला जुन्या तारखा दिसू द्या आणि शेजारी रद्दीचा हिशेब व सेटिंगचे मिनिटांचे आकडे ठेवा. आणि जमल्यास त्याच्याशी जरा उलटेही बोला. जो ग्राहक लीनचा आग्रह धरतो तोच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निम्म्याहून जास्त ऑर्डरी टाकतो, हे मी अनेक छोट्या कारखानदारांकडून ऐकले आहे. तीन आठवडे माणसे बसून, चौथ्यात रात्रंदिवस. कामाच्या या चढउताराला जपानीत मुरा म्हणतात आणि माणसावर व मशीनवर पडणाऱ्या ताणाला मुरी. हे दोन्ही ग्राहकाकडून येत असतील तर तुमच्या भिंतीवरचा तक्ता काय करणार? त्यांच्या खरेदी विभागाला आठवड्याचा अंदाज आणि छपाईतल्या बदलाची पंधरा दिवस आधी सूचना, एवढे लेखी मागा. सगळे मिळणार नाही. सूचनेचे मिळाले तरी रद्दी निम्म्यावर येईल.

असेच प्रश्न मला बेकरी, गॅरेज, काजूचा कारखाना, हॉटेलचे स्वयंपाकघर चालवणाऱ्यांकडूनही येतात. त्यांनीही तक्ते घेण्याआधी एक तास एका जागी उभे राहून बघावे. ओनो खडूने जमिनीवर वर्तुळ काढून शिकाऊ अभियंत्याला त्यात उभे करत, असे सांगतात. पहिली पंधरा मिनिटे काहीच दिसत नाही आणि कंटाळा येतो. मग दिसायला लागते की एकच पोरगा त्याच फ्रिजकडे नवव्यांदा चालला आहे. फोन खिशात ठेवा, कुणाला काही सुचवू नका. मालक उभा राहिला की पहिले दोन-तीन दिवस सगळे जरा जास्तच लगबगीने वागतात, ते ओसरू द्या.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. या आठवड्यात पंखा. चिठ्ठी कुणाची, याची चौकशी करू नका. बोनसच्या चिठ्ठीलाही उत्तर द्या, किती आणि कोणत्या तारखेला, सूचनाफलकावर मराठीत आणि हिंदीत. मग सगळ्यांना एकत्र बसवून बाबांना बोलू द्या, तुम्ही नको. घामावर कारखाना चालतो असे म्हणणाऱ्या माणसाचा शब्द तिथे तुमच्या डिग्रीपेक्षा जास्त चालेल. त्यांनी एवढेच सांगावे की सुधारणेमुळे कुणाचे काम जाणार नाही आणि महिन्याची कमाई घटणार नाही. ऑर्डरीच बंद पडल्या तर काय, याचे वचन कुणीच देऊ शकत नाही, ते देऊही नये. कुणी तरी मागून विचारील, मग त्या दोघांचे काय केलेत? त्या प्रश्नाची तयारी करून जा.

त्या दोघांचे नंबर कंत्राटदाराकडे असतील. चवथीआधी तुमच्याकडे कामाची गर्दी सुरू होते आणि दरवर्षी नवी माणसे शोधावी लागतात. या वर्षी पहिला फोन त्यांना करा. आले तर त्यांना बंडलाच्या टेबलावर परत उभे करू नका, मामांच्या वहीशेजारी उभे करा.